सर्व्हेअरचा कॅमेरा उचलायचा कोणी?

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसं दर रविवारी एकत्र डोंगराला निघाली आणि त्यातल्या एकाचा उरलेल्या तिघांवर काडीचा विश्वास नसला, की किस्से बुटाला चिखल लागावा तसे लागतात. घरी येऊन झटकले तरी थोडे राहतातच. आमच्या ग्रुपचे तर इतके राहिलेत, की माझ्या कर्जतच्या दवाखान्यात मान धरून आलेला पेशंटही स्वतःचं दुखणं सांगायच्या आधी विचारतो, "सर्व्हेअरसाहेबांचं नवीन काय?"

मी फिजिओथेरपिस्ट. गावातली माणसं डॉक्टर म्हणतात, मीही नको म्हणत नाही. कोणी दारातून आत आलं, की चेहऱ्याच्या आधी मला त्याचे खांदे दिसतात. कोण कुठल्या खांद्याला पर्स लावतं, कोण मान वाकडी करून फोनवर बोलतं, सगळं खांदे सांगतात. जयवंतभाऊंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेलाय हे मला त्यांच्या आधी कळलं होतं.

जयवंतभाऊ म्हणजेच सर्व्हेअरसाहेब. राहणार खोपोली. बोरघाटात ट्रक उलटला, की विमा कंपनीतर्फे तो बघायला जायचे. नोकरीभर उलटलेले ट्रक बघितल्यामुळे सरळ उभ्या असलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा भरवसा उरलेला नाही. ड्रायव्हर म्हणाला ब्रेक फेल झाला, की हे शेजारच्या चहावाल्याला जाऊन विचारणार, ड्रायव्हर जेवला कुठे आणि काय जेवला. आता रिटायर झालेत, पण सवय सुटलेली नाही. माझ्याकडे चहात साखर कमी पडली तर विचारतात, "संपलीय, की मलाच कमी टाकली?"

वहिनी जाऊन काही वर्षं झाली. मुलगी बंगलोरला. आठवडाभर हा माणूस घरात एकटा, आणि रविवारी आमच्याबरोबर डोंगरावर. सोबत तो प्रचंड कॅमेरा आणि त्याची हातभर लेन्स, दोन्ही गळ्यात. मागच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या उजव्या हाताची बोटं मुंग्या येऊन बधिर व्हायला लागली. मी मान तपासली आणि स्पष्ट सांगितलं, "गळ्यात ही धोंड बांधून फिरणार असाल तर डोंगर बंद. कॅमेरा दुसऱ्या कशात तरी घालून न्या, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे तरी द्या."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. "हे तुला मिलिंदनं सांगायला लावलं का?" मिलिंद आमच्या चौघांतला एक.

रविवार गेला असता तर त्यांच्याकडे दुसरं काही राहिलं नसतं. हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं. त्यामुळे त्यानंतर आमच्यात जे जे झालं ते त्या एका रविवारपायी झालं.

०

माझं ऐकून त्यांनी काय केलं? पुढच्या रविवारी कॅमेरा गळ्यातच!

भिवगडावरून वदपकडे उतरत होतो. सगळ्यात पुढे मिलिंद. हा राहतो पोशीरला, कामाला साजगावच्या एका कारखान्यात, वेड पक्ष्यांचं, आणि आवाज न चढवता चिमटा काढण्यात पटाईत. त्याच्यामागे सुलभाताई. त्या कळंबच्या शाळेत मराठी शिकवतात आणि वाटेत दिसेल त्या रानफुलापाशी मोबाइल घेऊन बसतात, त्यामुळे बहुतेक वेळा त्या मागेच राहतात. त्या दिवशी फुलं नव्हती म्हणून पुढे होत्या. मग मी. शेवटी जयवंतभाऊ, कारण आपल्या मागे कोणी चाललेलं त्यांना खपत नाही.

मुरूम सुटलेल्या उतारावर त्यांचा पाय सटकला. माणूस घसरला की हात टेकतो. भाऊंनी दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी धरला आणि हनुवटी टेकली.

कॅमेऱ्याला ओरखडा नाही. हनुवटी फुटली, गुडघा सोलला. मी धावत वर गेले तर पहिला प्रश्न, "मागून कोणी ढकललं?"

मागे एक गाय उभी होती. रवंथ करत होती.

भाऊंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग रक्त पुसायच्या आधी कॅमेरा सुरू करून पाय घसरलेल्या जागेचा एक फोटो वरून काढला, एक बाजूनं काढला. मिलिंद अगदी अदबीनं म्हणाला, "भाऊ, गाईचा जबाब घ्यायचा का?"

भाऊंनी मान हलवली. "तिचा मालक कोण, ते आधी बघू."

०

हनुवटीला टाके पडल्यावर गळ्यातला पट्टा सुटला. मी खूश झाले, पण जरा घाईच केली.

मी त्यांना समजावून सांगितलं होतं, की वजन लोंबतं ठेवू नका, अंगालगत घट्ट असू द्या, म्हणजे मान ओढली जात नाही. त्यांनी यातलं 'अंगालगत' तेवढं उचललं. खांडसला जायला आम्ही कर्जतहून सकाळची एसटी धरली, तर भाऊ आले ते चांगलं पुढे आलेलं पोट घेऊन. कॅमेरा पोटाला लावला होता, वरून माझ्याच दवाखान्यातली क्रेप बँडेजची गुंडाळी, त्यावर शर्ट, त्यावर जॅकेट.

"बाहेर दिसला की लोकांची नजर जाते," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

नजर गेलीच. गाडी भरलेली होती. टोपलीवाली एक म्हातारी बसल्या जागेवरून त्यांच्या पोटाकडे बघत राहिली, मग उठली आणि त्यांना म्हणाली, "बसा भाऊ, बसा. पोटात पानी झालंय का? माज्या दिराला पन झालं व्हतं."

भाऊ बसले. नाही म्हणावं तर पोटात काय आहे ते सांगावं लागलं असतं. म्हातारी टोपलीला धरून उभी राहिली आणि खांडसपर्यंत दिराचं दुखणं सांगत राहिली. कोणत्या गावच्या वैद्याचं औषध घेतलं, काय पथ्य होतं, शेवटी सुई घालून पाणी कसं काढलं, सगळं. आजूबाजूच्या बायाही हळहळल्या. कोणीतरी भाऊंना लिंबू दिलं.

उतरल्यावर मला वाटलं, आता तरी हा माणूस हसेल. ते म्हणाले, "म्हातारीनं सगळी चौकशी केली, पण मी कुठे राहतो ते विचारलं नाही. म्हणजे तिला ते आधीच माहीत होतं."

०

मिलिंदच्या आईचा किस्सा तर आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहे.

पेबला जायचं होतं. नेरळ गाठण्याआधी पोशीरला मिलिंदच्या घरी गाडी लावली. भाऊंकडे त्या दिवशी कॅमेऱ्याबरोबर आणखी एक लहान कॅमेरा होता. एवढ्या वजनाला मी परवानगी देईना, आणि गाडीत ठेवायला ते तयार होईनात. गाडीची काच फोडायला काय लागतं, हे त्यांनी मला रीतसर सांगितलं.

मिलिंदची आई ओट्यावर वाल सोलत बसली होती. ती म्हणाली, "ठिवा की हितं घरात. कोन नाय नेत."

भाऊ उंबऱ्याशी थांबले. "घराला मागून दार आहे?"

"हाय."

"कडी?"

"हाय. पन लागत नाय."

"दिवसभर घरात कोण कोण असतं?"

म्हातारीनं वाल सोलणं थांबवलं आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "मी हाय, म्हस हाय. आता तुमचा संशय पन हितंच ठिवून जा, सांजच्याला घेऊन जा. त्यो बी कोन नाय नेत."

सुलभाताईंना इतकं हसू आलं की त्या अंगणातच खाली बसल्या. मिलिंद चपलेशी चाळा करत उभा राहिला. भाऊंनी लहान कॅमेरा ठेवला. संध्याकाळी परत आल्यावर म्हातारीनं तो तांदळाच्या डब्यातून काढून दिला, वर फडकं गुंडाळलेलं.

"डब्यात का ठेवलात?" भाऊंनी विचारलं.

"तुमीच इचारलंत ना मागच्या कडीचं. ती लागत नाय म्हनून."

०

त्याच दिवशी मधल्या वेळात माकडांचं झालं.

भाऊंचा सिद्धांत असा, की कॅमेऱ्याची बॅग ही चोराला दिलेली आमंत्रणपत्रिका असते. काळी, जाड, कप्पे पाडलेली बॅग दिसली की आत काय आहे ते बोलून दाखवायला लागत नाही. म्हणून त्या दिवशी त्यांनी मोठा कॅमेरा बाजाराच्या कापडी पिशवीत घातला होता. चहूबाजूंनी जुन्या टॉवेलच्या घड्या, आणि वर मेथीची जुडी. पिशवीतून मेथी बाहेर डोकावते आहे, माणूस बाजारातून घरी चाललाय, अशी एकूण बतावणी. पेबच्या किल्ल्यावर भाजी कोण आणतं, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

किल्ल्यावरून माथेरानच्या रुळांवर बाहेर पडतो तिथे माकडं बसलेली असतात. आमच्या तिघांच्या पाठीवर बॅगा होत्या, चांगल्या रंगीत, कप्पे पाडलेल्या. माकडांनी आमच्याकडे ढुंकून बघितलं नाही. एक दांडगा हुप्प्या सरळ भाऊंकडे आला आणि पिशवीला हात घातला.

ओढाताण झाली. मेथी त्याच्याकडे गेली, पिशवी भाऊंकडे राहिली. पण लेन्सच्या तोंडावरचं काळं झाकण टॉवेलातून निसटलं होतं, ते त्यानं जाताना उचललं. झाडावर बसून मेथी खाल्ली, झाकण चावून बघितलं आणि दरीत टाकून दिलं.

मी म्हटलं, "भाऊ, चूक तुमची. भाजी घेऊन आलात तुम्ही."

"भाजी कळते मला," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज गंभीर होता. "भाजी नेली ते माकडानं नेली. झाकण नेलं ते कोणीतरी शिकवलेलं होतं."

०

मग ऑनलाइन एक क्लिप आली. पाठीवरच्या बॅगेचा जो पट्टा खांद्यावरून पुढे येतो, त्यावर ती धातूची क्लिप आवळायची आणि कॅमेरा त्यात अडकवायचा. कॅमेरा छातीपाशी राहतो, हलत नाही, हात मोकळे. मी स्वतः म्हटलं, हे बरं आहे, फक्त जड लेन्स काढून ठेवा.

भाऊ कुठलीही वस्तू आल्या आल्या वापरत नाहीत. ती मोडते कशी, हे आधी बघतात. त्यांनी बॅग बाल्कनीच्या बाहेर ग्रिलला टांगली, क्लिपमध्ये कॅमेऱ्याऐवजी पाणी भरलेला पितळी तांब्या दोरीनं अडकवला आणि वरून काठीनं हिसके द्यायला सुरुवात केली.

क्लिप टिकली. दोरी तुटली. तांब्या खालच्या मजल्यावरच्या जोश्यांच्या स्कूटरवर.

जोशी वर आले तेव्हा भाऊ जिना उतरतच होते, हातात टॉर्च. त्यांनी स्कूटरला एक फेरी मारली, वाकून बघितलं, पत्र्यावर बोट फिरवलं.

"तांब्या तुमचाच ना?" जोशी म्हणाले.

"तांब्या माझा आहे," भाऊ म्हणाले. "पोचा जुना आहे."

तेव्हापासून जोशी त्यांच्याशी बोलत नाहीत. सोसायटीत बोलणारं ते एकच घर होतं. हे भाऊंनी मला हसत सांगितलं, मला मात्र ऐकताना हसू आलं नाही.

०

आता सोंडाईचं. हा मी गंमत म्हणून सांगत असते, पण त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती.

क्लिप भाऊंना पटली नाही, कारण समोरून येणाऱ्याच्या हाताला कॅमेरा लागतो. मग मी त्यांना कमरेचा पट्टा आणून दिला. रुंद, गादी लावलेला, बाजूला कॅमेऱ्याचं खोकं. वजन सगळं कमरेच्या हाडावर येतं, मान सुटते. सपाटीवर भाऊ इतके झकास चालले की मी मनात स्वतःची पाठ थोपटली. सोंडाईला लोखंडी शिड्या आहेत, हे मी विसरले नव्हते. खोकं पुढे न ठेवता मागे फिरवायला सांगितलं होतं. पण मागे ठेवलेलं दिसत नाही, म्हणून भाऊंनी ते पुन्हा पुढे आणलं होतं.

शिडीच्या मध्यावर खोकं पायरीत अडकलं. वर मिलिंद, मध्ये भाऊ, खाली मी. भाऊ थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "डॉक्टर, मला उजवा हात कळत नाहीये."

मिलिंद वरून वाकला. "भाऊ, पट्टा सोडा. मी वर घेतो कॅमेरा."

शिडीला लटकलेला माणूस, एका हाताची पकड गेलेली, खाली नुसता खडक. आणि भाऊ वर बघून विचारतात, "तू का मागतोयस?"

मिलिंदनं वरून त्यांचं मनगट धरलं. मी खालून त्यांचा पाय धरून एकेक पायरी खाली ठेवत आणला. खाली आल्यावर ते कातळाला टेकून बसले आणि बोटं उघडमीट करून बघत राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. मी तिथेच सांगितलं, "झालं. एक तर कॅमेरा मिलिंदकडे द्यायचा, नाहीतर रविवारी घरी बसायचं. तिसरं मी ऐकणार नाही."

भाऊ म्हणाले, "बसतो घरी."

०

पुढचे काही रविवार आम्ही तिघंच गेलो. माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण कोणी उघडलं, हे कोणी विचारलं नाही. वाटेत भेटलेल्या गुराख्याकडे कोणी रोखून बघितलं नाही. पेठ गावाच्या खालच्या रानात सुलभाताई मध्येच थांबून म्हणाल्या, "आज कोणाचा कोणावर संशयच नाही. चालल्यासारखं वाटत नाही बाई."

मी एका दुपारी भाऊंना फोन केला. काय करताय, विचारलं.

"समोरच्या बिल्डिंगमध्ये नवीन भाडेकरू आलेत," ते म्हणाले. "रोज दुपारी गादी वाळत घालतात."

"मग?"

"ओली नसलेली गादी रोज का वाळत घालतात?" मग म्हणाले, "ही असताना त्या खिडकीला आपल्याकडून पडदा असायचा. आता दिसतं सगळं."

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. मी मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "आपण त्यांना घरी बसवलं, पण समोरच्या भाडेकरूंचा काय गुन्हा?"

०

मग भाऊंचा स्वतःहून फोन आला. तोडगा निघाला होता. वजन ते अजिबात उचलणार नाहीत, पण कॅमेरा कोणा एकाकडे जाणार नाही. कॅमेरा मिलिंदकडे, लेन्स सुलभाताईंकडे, बॅटरी माझ्याकडे, मेमरी कार्ड त्यांच्या स्वतःच्या शर्टाच्या आतल्या खिशात, वर सेफ्टी पिन.

"तिघांनी मिळून कट केला तरच चोरी होऊ शकते," ते म्हणाले. "आणि तुमचं तिघांचं आपसात तेवढं जमत नाही."

मला वैद्यकीयदृष्ट्या यात काही हरकत दिसेना. पळसदरीच्या मागच्या टेकडीवर गेलो. निष्पर्ण झाडावर, अगदी समोर, सर्पगरुड बसलेला. असा पक्षी इतक्या जवळ बसलेला मिलिंदनं आयुष्यात पाहिला नव्हता. त्यानं हातानंच खूण केली, कॅमेरा जोडा.

कॅमेरा निघाला. लेन्स मागे राहिली होती, कारण सुलभाताई खाली कुठल्याशा फुलापाशी बसल्या होत्या. त्यांना हाक मारायची सोय नव्हती, म्हणून मी पळत गेले. गरुड बसून राहिला. लेन्स लागली. मी बॅटरी घातली. गरुड मान फिरवून आमच्याकडे बघत होता, जणू त्यालाही घाई नव्हती. उरलं फक्त कार्ड. भाऊंनी शर्टात हात घातला. बधिर बोटांनी सेफ्टी पिन उघडेना. मी पुढे झाले तर मला हात लावू देईनात.

पिन उघडली, कार्ड आत गेलं, आणि गरुड उडाला.

भाऊंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "त्याला खूण कोणी केली?"

"मी नाय," मिलिंद म्हणाला. "बॅटरीवाल्यांना विचारा."

पण मिलिंदच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. मला वाटतं भाऊंनीही पाहिलं, कारण उतरताना ते एकदाही मागे वळले नाहीत. मला गाडीपाशी म्हणाले, "हेही बंद करू. माझ्यामुळे तुमचा रविवार खराब नको."

मला वाटलं, संपलं आता.

०

त्यानंतर किती आठवडे गेले, मोजले नाहीत. एका शनिवारी भाऊंचा मेसेज आला. "उद्या पेठचा किल्ला. बॅग पूर्ण मिलिंदकडे देईन."

मी तो मेसेज सुलभाताईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "यात काहीतरी आहे." त्यांनाही आता सवय लागली होती.

सकाळी पायथ्याच्या आंबिवलीला भाऊ आले ते खरोखर कॅमेऱ्याची काळी बॅग घेऊन. मोठी, जुनी, आत लेन्सचा आकार बाहेरून कळावा इतकी भरलेली. त्यांनी ती मिलिंदच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरकले. मी मिलिंदच्या पाठीवर ती माझ्या मनासारखी बांधली. दोन्ही खांद्यांचे पट्टे ओढून घेतले, छातीचा लावला, कमरेचा आवळला, वजन पाठीला चिकटून बसलं. कॅमेरा असाच न्यायचा असतो, हे मी या माणसाला किती दिवस सांगत होते.

मिलिंद एकदा खांदे हलवून बघून म्हणाला, "चला भाऊ."

वाटभर भाऊ मिलिंदच्या मागे. डोळे बॅगेवर. "डावीकडे टेकू नकोस." "फांदी आहे, वाक." "दगड बघून." मिलिंद वाकत होता, बघून पाय टाकत होता. पेठ गावात चहाला थांबलो तर बॅग खाली न ठेवता त्यानं मांडीवर घेतली. गुहेतून सुळक्याच्या पोटातल्या कोरलेल्या पायऱ्या चढताना त्यानं ती पाठीवरून काढून पोटाशी धरली, भिंतीला घासू नये म्हणून. भाऊ दोन्ही हात मोकळे ठेवून चढले. कुठे थांबले नाहीत. मी बोटांचं विचारलं तर म्हणाले, "ठीक आहेत. का?"

माथ्यावर आलो. चहूकडे उघडं, वारा चांगला होता. मिलिंदनं स्वतःचा नॅपकिन दगडावर पसरला, त्यावर बॅग ठेवली.

"घ्या भाऊ. तुमची ठेव."

भाऊ जागचे हलले नाहीत. "तूच उघड."

मिलिंदनं चेन ओढली. आत मऊ फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. त्यानं कापड उलगडलं. आत वरवंटा होता. काळा, मध्ये झिजलेला, एका टोकाला हळदीचा पिवळेपणा बसलेला.

सुलभाताई आधी सावरल्या. "भाऊ, कॅमेरा कुठाय?"

"घरी. कपाटात."

"मग हे काय?"

"बघत होतो," भाऊ म्हणाले. "कसा नेतो ते."

माझा तोल गेला. मी म्हटलं, भाऊ, काही मर्यादा असते. सकाळपासून हा पोरगा फांद्यांखाली वाकतोय, चहा पिताना मांडीवर घेऊन बसतोय, पोटाशी धरून चढतोय, आणि तुम्ही त्याला वरवंटा उचलायला लावलात? आणखीही बरंच बोलले. भाऊ ऐकून घेत होते.

मिलिंद वरवंट्याला पुन्हा कापडात गुंडाळत होता. म्हणाला, "डॉक्टर, राहू द्या. मला खालीच कळलं होतं."

"मग उचललास कशाला?"

"खाली बोललो असतो तर भाऊ तिथूनच माघारी गेले असते. परत आले नसते."

भाऊंनी दरीकडे बघितलं, मिलिंदकडे बघितलं, मग बॅगेच्या चेनकडे.

"खालीच कळलं," ते म्हणाले, "म्हणजे तू बॅग उघडलीस."

"नाय उघडली, भाऊ. वजनानंच कळलं."

सुलभाताईंनी लाडू काढले, ते खाल्ले. उतरायची वेळ झाली तशी भाऊ उठले. त्यांनी बॅग स्वतः उचलून मिलिंदच्या पाठीवर चढवली. खांद्याचे पट्टे ओढले, छातीचा लावला, कमरेचा लावताना बोटं नीट चालेनात तरी माझ्याकडे न बघता तोही लावला.

"जपून उतर," ते म्हणाले. "हिचा आहे तो."